अंगठींतील पोवळें आणि समुद्रांतील पोवळें

गेल्या चातुर्मासांतील गोष्ट. दुपारच्या निवांत वेळीं आमच्या सूनबाई जुन्या डब्यांतील दागिने पुसून ठेवीत होत्या. त्यांत माझ्या मातुःश्रींच्या गळ्यांतील पोवळ्यांची माळ निघाली. आमची नात पालघरला अकरावींत शास्त्रशाखेंत शिकते. तिनें ती माळ हातीं घेतली आणि मला विचारलें, “आजोबा, पोवळें म्हणजे दगड, झाड कीं प्राणी?”

तेहतीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेला मी! मीं मोठ्या ऐटीनें अमरकोशाचा हवाला दिला. कोशकारानें ‘विद्रुम’ व ‘प्रवाल’ हीं पोवळ्याचीं नांवें रत्नांत सांगितलीं आहेत. ‘द्रुम’ म्हणजे वृक्ष, आणि ‘प्रवाल’ ह्या शब्दाचा दुसरा अर्थ कोवळी पालवी. तेव्हां पोवळें हें समुद्रांतील झाड असून वाळल्यावर त्याचें रत्न होतें, असा निकाल मीं देऊन टाकला. नात हंसली आणि म्हणाली, “आजोबा, शब्द बरोबर आहे, अर्थ चुकला. तो प्राणी आहे.”

मला प्रथम थोडें लागलें, हें कबूल केलें पाहिजे. पुढें पुस्तकें चाळलीं तेव्हां समाधान इतकेंच झालें, कीं ह्या चुकींत मी एकटा नव्हतों. युरोपांतील विद्वान्‌ही अठराव्या शतकापर्यंत पोवळ्यास वनस्पतिच समजत. पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें ‘हीं फुलें नव्हेत, हे जीव आहेत’ असें मांडलें, तेव्हां त्याच्या देशांतील पंडितांनीं आधीं तें मानलेंच नाहीं. म्हणून वाचकांपैकीं ज्यांनीं माझ्याप्रमाणेंच पोवळ्यास दगड किंवा झाड मानलें असेल त्यांनीं संकोच बाळगूं नये. परंतु ही चूक जाणूनही तशीच राहूं दिली, तर तिचा परिणाम शब्दकोशापुरता राहत नाहीं. दगड फोडला तर कोणाचें कांहीं जात नाहीं; जिवंत प्राण्याचें घर फोडलें तर जातें.

पोवळ्याचा जीव अगदीं लहान. पिशवीसारखें मऊ शरीर, वर एक तोंड आणि तोंडाभोंवतीं बारीक हातांचें कडें. हा जीव समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन आपल्या बुडाशीं कठीण बैठक घडवितो. एकाचे दोन, दोहोंचे चार असे जीव वाढत जातात; पण ते वेगळे निघत नाहींत. त्यांचीं शरीरें एकमेकांस जोडलेलीं असतात आणि एकानें मिळविलेलें अन्न शेजाऱ्यासही पोंचतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाहीं. जुनी पिढी गेली कीं तिच्या चुन्याच्या बैठकीवर नवी पिढी बसते, आणि शेंकडों वर्षांनीं तेथें खडकासारखा बांध तयार होतो. त्यासच प्रवाळाचा बांध किंवा प्रवाळभित्ति म्हणतात.

उथळ, उबदार पाण्यांत असे बांध रचणाऱ्या प्रवाळांच्या घरांत आणखी एक बिऱ्हाड असतें. त्यांच्या शरीरांत अतिसूक्ष्म शैवालाच्या पेशी राहतात. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतील मोठा भाग यजमानास देतें. यजमान त्यास आसरा देतो. प्रवाळाचा रंगही बहुतेक ह्या शैवालामुळेंच दिसतो. म्हणूनच ह्या प्रवाळांना स्वच्छ पाणी आणि भरपूर उजेड लागतो. पाणी गढूळ झालें तर उजेड पोंचत नाहीं, गाळ अंगावर बसतो आणि जीव गुदमरतो. शिवाय वाढही फार मंद. गोलसर जातींचे प्रवाळ वर्षाकांठीं कांहीं मिलिमीटरांपासून फार तर एकदोन सेंटिमीटर वाढतात. एका लाथेनें जें मोडतें, तें भरून यावयास नातवाचें लग्न होण्याची वेळ येते.

असे बांध समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर आहेत. पण समुद्रांतील जीवजातींपैकीं सुमारें चौथा हिस्सा जाति आयुष्यांत कधीं ना कधीं त्यांचा आश्रय घेतात. लहान मासे तेथें लपतात, मोठे मासे तेथें चरावयास येतात, आणि बाहेरून येणारी लाट बांधावर फुटल्यानें किनारा वांचतो.

मग आमच्या मातुःश्रींच्या माळेंतील पोवळें कोठलें? तें आपल्या समुद्रांतलें नव्हेच. दागिन्यांत व मंगळाच्या अंगठींत जें तांबडें पोवळें बसवितात, तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतून येत आलें आहे. तेंही जीवांनींच घडविलेलें असतें, पण तें खोल व अंधुक पाण्यांत वाढतें आणि बांध रचीत नाहीं. हिंदी लोकांना पोवळ्याची फार आवड आहे, हें रोमन ग्रंथकार प्लिनी ह्यानें पहिल्या शतकांतच लिहून ठेवलें आहे. म्हणजे दोन हजार वर्षें आपण दूरदेशचें मेलेलें पोवळें मोल देऊन अंगावर घालीत आलों, वैद्यानें दिलेलें त्याचें भस्म मधांतून चाटीत आलों. परंतु आपल्याच किनाऱ्याशीं जिवंत प्रवाळ आहे, ह्याची वार्ता आपल्या घरांत कधीं निघाली नाहीं.

तो आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील डॉ. कासिम व वफर ह्या शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं रत्नागिरी, मालवण वगैरे ठिकाणीं जिवंत प्रवाळ असल्याचें प्रसिद्ध केलें. आमच्या मुरब्याच्या समुद्रांत मात्र प्रवाळाचा बांध नाहीं. येथें खाड्यांचें पाणी येतें, भरती-ओहोटी मोठी, आणि पाणी वर्षांतील बहुतेक दिवस गढूळ. मग मुरब्यास बसून ह्या मास्तरानें प्रवाळाची उठाठेव कां करावी, असें कोणी विचारील.

त्याचें उत्तर मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें दिलें. तो आज दोन होड्यांचा नाखवा आहे. २०२१ च्या ऑगस्टांत आमच्या गांवच्या एका होडीस एकाच फेरींत दीडशेंवर घोळ मासे मिळाले आणि त्यांस सव्वा कोटीहून अधिक रुपये आले, ही वार्ता वर्तमानपत्रांतून देशभर गाजली होती. तिची आठवण निघाली तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, लोकांस वाटतें कीं हें नशीब. पण घोळ पूर्वीं आमच्या बापजाद्यांस वरचेवर मिळत असे. माशाला अंडीं घालावयास जागा लागते, पिलांस लपावयास जागा लागते. ती जागा बिघडली कीं मासा दुसरीकडे जातो आणि आम्ही त्याच्या मागें डिझेल जाळीत फिरतों.” प्रवाळाचा बांध असो कीं आमच्या किनाऱ्याचा खडकाळ पट्टा असो, न्याय एकच. म्हणून प्रवाळ वांचविण्याचा जो प्रयत्न मालवणास झाला, त्यांत आम्हांस शिकण्यासारखें पुष्कळ आहे, असें मला वाटलें. आणि मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलों.

मालवणच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं सिंधुदुर्ग किल्ल्याचें काम सुरू केलें, हें शाळेंतील पोर जाणतें. परंतु ह्याच किल्ल्याच्या तटाखालीं व पद्मगडाच्या आसपास प्रवाळाच्या वसाहती आहेत, हें मला ठाऊक नव्हतें. १३ एप्रिल १९८७ रोजीं येथील सुमारें २९ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यांतील सुमारें ३ चौरस किलोमीटर हा गाभ्याचा भाग. जाहीर झाला खरा, पण मच्छीमारांनीं त्यास विरोध केला. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलें, तेथें उद्यां आपल्यालाच मज्जाव होईल, ही त्यांची भीति; आणि ती अगदींच अनाठायीं होती असें कोण म्हणेल? घरांतील वडिलांनीं कोणास न विचारतां कपाटास कुलूप घातलें तर तें फार दिवस टिकत नाहीं, तशीच ही गोष्ट. अभयारण्याचे बहुत दिवस कागदावरच गेले.

पुढें २०११ नंतर भारत सरकार, महाराष्ट्र शासन व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम ह्यांनीं मिळून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासाठीं एक योजना चालविली. तिचें धोरण निराळें होतें. समुद्र राखावयाचा तर त्यावर जगणाऱ्यांच्या पोटाची सोय आधीं पाहिली पाहिजे, हें तींत धरलें होतें. कोळ्यांच्या तरुण मुलांना पाण्याखालीं पोहण्याचें व पाहुण्यांना प्रवाळ दाखविण्याचें शिक्षण मिळालें. जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें पाणबुड्यांचें विद्यालय काढलें. ज्या पोराचा बाप केवळ जाळें जाणत होता, तो पोर आतां प्रवाळाच्या जाति ओळखूं लागला आणि त्या जिवंत राहण्यांत त्याचा स्वतःचा लाभ दिसूं लागला.

ह्याचा प्रत्यय आम्हांस होडींतच आला. आमच्याबरोबर शहरांतील एक सद्‌गृहस्थ होते. त्यांनीं होडीवाल्या तरुणास हळूच सांगितलें, कीं दिवाणखान्यांत ठेवावयास एक लहानसा तुकडा काढून दे, वाटेल तें देतों. तो मुलगा विशींतला असेल. तो म्हणाला, “काका, तुमच्या कपाटांत तो धूळ खाईल, इथें राहिला तर माझ्या मुलालाही पोट देईल. आणि काढला तर मला तुरुंग आहे.” त्याचें म्हणणें खरें होतें. २००१ सालीं बांध रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घातले गेले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें प्रवाळ तोडणें हें वाघ मारण्याच्या पंक्तीस बसतें. ते गृहस्थ मग कांहीं बोलले नाहींत. नात पाण्यांत उतरली होती. ती वर आली तेव्हां तिचा चेहरा मीं पाहिला, आणि कोशांतील अर्थ सांगतांना माझा चेहरा कधीं तसा झाला होता काय, असें मनांत आलें.

परंतु पर्यटनानें सर्व प्रश्न सुटला, असें कोणी समजूं नये. पाहुणे वाढले तसे नांगर वाढले. हौशी लोक प्रवाळावर पाय देऊन उभे राहतात, गाळ ढवळतात, आणि राखणाऱ्याच्याच हातून हानि होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं मालवणच्या प्रवाळाची पाहणी करून ह्याविषयींही इशारा दिला आहे. त्यांनींच २०१४ च्या उन्हाळ्यांत येथील प्रवाळ पांढरा पडल्याची नोंद केली. पाण्याची उष्णता नेहमींच्या कडक उन्हाळ्याहून एखाद्या अंशानें जास्त होऊन कांहीं आठवडे टिकली, कीं प्रवाळ आपल्यांतील शैवालास बाहेर टाकतो. रंग जातो आणि पांढरें हाड दिसूं लागतें. उष्णता लवकर उतरली तर शैवाल परत येतें. न उतरली तर उपासमारीनें प्रवाळ मरतो.

प्रवाळ नाहींसा झाल्यावर काय होतें, हें पाहावयास दूर जावयास नको. तामिळनाडूच्या मन्नारच्या आखातांत २१ बेटें होतीं. चुन्यासाठीं व बांधकामासाठीं तेथें वर्षानुवर्षें प्रवाळ खणून नेला. बांध गेला, लाटांस अडवणारें कांहीं उरलें नाहीं, आणि दोन बेटें पाण्याखालीं गेलीं. तेथेंच तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेनें २००२ पासून प्रवाळाच्या पुनर्लागवडीचें काम चालविलें आहे. निरोगी प्रवाळाचे लहान तुकडे सिमेंटाच्या फरशांवर बांधून लोखंडी चौकटींवर पाण्याखालीं ठेवतात व ते रुजले म्हणजे उजाड जागीं नेतात. आपल्या शेजारीं गुजराथेंत, कच्छच्या आखातांत मिठापूर येथें, २००८ पासून वनखातें, एक मोठा कारखाना आणि वन्यजीवांची एक संस्था ह्यांनीं मिळून असेंच काम आरंभिलें. तेथेंच २०२० च्या जानेवारींत भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेनें पाण्यांत लोखंडी सांगाडा ठेवून त्यांतून सूर्यशक्तीवर निर्माण केलेला मंद विजेचा प्रवाह सोडला. त्या योगें समुद्रांतील क्षार सांगाड्यावर जमतात आणि प्रवाळाच्या तुकड्यांस बसावयास घट्ट जागा मिळते.

हें वाचून आपणांस आनंद होतो, आणि व्हावा. पण त्याबरोबर एक मोहही होतो, कीं प्रवाळ उचलून दुसरीकडे लावतां येतो, तर मग जुनी जागा गेली तरी काय बिघडलें? मुंबईचा दाखला ह्या बाबतींत विचार करण्याजोगा आहे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ह्या नांवानें कांहीं तरुण ओहोटीच्या वेळीं मुंबईच्या खडकांवर फिरून तेथील जीवांची नोंद करूं लागले. लोकांस हातीं धरून दाखवूं लागले. ज्या किनाऱ्यास सर्वजण मेलेला समजत होते, तेथें जिवंत प्रवाळही आहे हें त्यामुळें लोकांस कळलें. पुढें किनारी रस्त्याचें काम वरळी व हाजीअली येथें आलें, तेव्हां कायद्याप्रमाणें परवानगी घेऊन २०२० च्या नोव्हेंबरांत तेथील प्रवाळाच्या लहान वसाहती शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं उचलून दुसऱ्या जागीं हलविल्या गेल्या. पोरांनीं नोंद केली नसती तर हें तरी झालें असतें कीं नाहीं, कोण जाणे. परंतु ते प्रवाळ अगदीं लहान, मोठे बांध न रचणाऱ्या जातींचे होते. शेंकडों वर्षांचा बांध, त्यांतील मासे, शेवंडे, खेकडे ह्यांच्यासह कोणी उचलून नेऊं शकत नाहीं. तुळशीचें रोप नव्या वृंदावनांत लावतां येतें. गांवची देवराई उचलतां येत नाहीं.

शिवाय नवी जागा तरी सुरक्षित हवी. २०२४ च्या एप्रिलांत शास्त्रज्ञांनीं जगांतील प्रवाळ पांढरे पडण्याचा चौथा जागतिक प्रकोप चालू असल्याचें जाहीर केलें. त्याच उन्हाळ्यांत आपल्या लक्षद्वीपांतील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. तेथें नांगर नव्हता, खाण नव्हती. केवळ समुद्र तापला होता. म्हणजे कारखान्यांचा, मोटारींचा, विजेचा जो धूर आपण सर्वजण आकाशांत सोडतों, त्याची झळ त्या निरपराध जीवांस लागली. लागवड करणाऱ्यांचे हात कितीही कुशल असले तरी अंगण तापलेलें असतां रोप जगत नाहीं.

कायद्यासही मर्यादा आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर समुद्रांत एक बुडालेलें पठार आहे. सुमारें ४० किलोमीटर लांब व १५ किलोमीटर रुंद अशा त्या पठारास सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांच्या नांवावरून आंग्रिया बँक म्हणतात. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्यानें तेथील पाणी स्वच्छ व प्रवाळ समृद्ध आहे. परंतु तें किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या बाहेर असल्यामुळें अभयारण्य जाहीर करण्याचा नेहमींचा कायदा तेथें पोंचत नाहीं. जेथें कायदा पोंचत नाहीं, तेथें लोकमत पोंचावें लागतें.

आतां आमच्या दाराशीं आलेला प्रश्न. जवळच वाढवण येथील मोठ्या बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टांत झाली. खुद्द मुरब्यासही बंदर करण्याचा प्रस्ताव पुढें आला आहे. तारापूरच्या कारखान्यांचें सांडपाणी नवापूरच्या समुद्रांत जातें, तें निराळेंच. बंदरें नकोतच, असें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं. आमचे कित्येक विद्यार्थी नोकरी शोधीत फिरत आहेत, आणि त्यांच्या आईबापांस मी काय सांगूं? माझें मागणें इतकेंच आहे, कीं समुद्राचा तळ उपसण्यापूर्वीं तेथें कोण राहतें, कोण अंडीं घालतें, ह्याची नोंद मुंबईच्या त्या पोरांप्रमाणें प्रामाणिकपणें व्हावी. नाखव्यांस जें ठाऊक आहे तें शास्त्रज्ञांनीं लिहून घ्यावें. आणि ‘पुढें दुसरीकडे लावूं’ ह्या आश्वासनावर जुनी जागा मोडूं नये.

आमच्या किनाऱ्यावरील लोकांस संयम शिकवावा लागत नाहीं, हें मीं चाळीस वर्षें पाहिलें आहे. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटावयाची नाहीं, ही त्यांची जुनी रीत. शासनाची १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी तिच्यापुढें नवी आहे. जाळ्यांत सांपडलेलें कासव किंवा दुसरा संरक्षित जीव जाळें कापून सोडून दिला, तर नुकसानभरपाई देण्याची योजना महाराष्ट्रानें २०१८ पासून सुरू केली, आणि पुष्कळ नाखव्यांनीं असे जीव सोडून दिले. खाडीपलीकडचे सातपाटीचे लोक पापलेटाचीं पिलें धरूं नयेत म्हणून किती वर्षें ओरडत आले आहेत! त्याच रुपेरी पापलेटास २०२३ सालीं राज्यमाशाचा मान मिळाला. मान मिळाला, आतां पिलांस वाढावयास अवधि मिळावा.

आपण पांढरपेशीं माणसें ह्यांत काय करूं शकतों? मालवणास गेलों तर होडीवाल्यास ‘नांगर प्रवाळावर टाकूं नकोस’ असें आधींच सांगावें; पाण्यांत उतरल्यास कशावरही पाय देऊं नये; कोणी प्रवाळाचा तुकडा विकावयास आणला तर घेऊं नये. घरांतील मुलांस सुटींत एकदां ओहोटीच्या वेळीं खडकावर न्यावें आणि त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसेल तर तसें सांगावें. आणि घरांत जळणारी वीज व तेल ह्यांचा हिशेब वाण्याच्या हिशेबाइतक्याच काळजीनें ठेवावा. लक्षद्वीपाचा प्रवाळ त्याच हिशेबांत येतो.

मातुःश्रींची माळ आम्हीं डब्यांत परत ठेविली. ती मोडणार नाहीं, विकणार नाहीं. तींत माझ्या आईचा हात आहे. सूनबाईंच्या मनांत नातीच्या लग्नासाठीं तशीच दुसरी करावयाची होती. नातीनें नको म्हटलें. “आजी-पणजीची आहे तीच मला द्या,” ती म्हणाली, “नवें पोवळें समुद्रांतच असूं द्या.” तेहतीस वर्षें शिकविल्यावर शिकण्याची पाळी आपल्यावर आली, ह्याचें मला वाईट वाटलें नाहीं.